आंजर्ल्याची तीन जुनी पोस्टकार्डं: घरामागचा समुद्र गेला कुठे?

कंपासपेटी, वडोदरा

नमस्कार मंडळी. विचारणारा बडोद्याचा, प्रश्न दापोली तालुक्यातला. जाणकारांनी हातभार लावावा.

दांडिया बाजारातला आमचा जुना वाडा यंदा रिकामा करायला घेतला. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पंचांगं, राज्याच्या वेळच्या पावत्या, एक बिनकाचेचा चष्मा आणि सुतळीत बांधलेली तीन पोस्टकार्डं निघाली. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात आंजर्ल्याहून इकडे आले, जमीनमोजणीच्या खात्यात चिकटले आणि आम्ही बडोदेकर झालो. घरात मराठी, दारात गुजराती, रविवारी सेव-उसळ. गावाशी नातं म्हणजे कड्यावरच्या गणपतीला पाठवायची वर्गणी आणि अधूनमधून एखादी फेरी.

पहिलं कार्ड छापील, रंगीत. समुद्रात सुवर्णदुर्ग, अलीकडे हर्णैच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेले पडाव (मोठ्या होड्या), आभाळ संत्र्याच्या सरबतासारखं. खाली किल्ल्याचं नाव साहेबी थाटात ‘सेव्हर्नड्रूग’ असं छापलंय.

दुसरं म्हणजे फोटोच आहे, पोस्टकार्डाच्या कागदावर उतरवलेला. गणपतीच्या कड्यावरून खाली दिसणारं आंजर्ले. छपरांची रांग, तिच्यामागे नारळ-पोफळीचा पट्टा आणि त्याच्यापलीकडे नुसती वाळू. वाळूवर औषधालाही झाड नाही. डावीकडे खाडीचं तोंड, काठाला तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, लागलेली. खाडीपलीकडचा डोंगर अगदी बोडका.

तिसरं घरचं. पणजोबांचे धाकटे भाऊ, दोन बायका, एकीच्या कडेवर मूल. पण मी ड्राफ्ट्समन. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढण्यात नोकरी गेली, त्यामुळे चित्र पाहिलं की मला आधी रेषा दिसतात आणि माणसं मागाहून. इथे वाडीच्या, म्हणजे घरामागच्या बागेच्या, गडग्यावरून (दगडी कुंपणावरून), पोफळींच्या खोडांमधून, समुद्राची आडवी रेघ दिसते. पट्टी लावून पाहिली, वाकडी नाही. मागच्या बाजूला मोडीत दोन ओळी आणि पंचम जॉर्जचं अर्ध्या आण्याचं तिकीट.

ते घर अजून उभं आहे, चुलत घराण्याकडे. निसर्ग वादळाच्या आधी मी त्याच अंगणात जाऊन आलो होतो. तिथून समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. वाडीच्या मागे सुरूच्या झाडांचं बन, इतकं दाट की पलीकडे वस्ती असावी असं वाटावं.

आता हे सगळं का विचारतोय ते सांगतो. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात प्रदर्शन आहे. शीर्षक माझ्याआधीच ठरलंय: ‘हरवलेलं कोकण’. डावीकडे जुनं कार्ड, उजवीकडे आजचा फोटो, खाली हळहळीच्या दोन ओळी, आणि त्या ओळी मी लिहायच्या. माझा हात चालत नाहीये. जुन्या कार्डात डोंगर उघडा आणि आज तो हिरवा, जुन्या कार्डात किनारा मोकळा आणि आज तिथे झाडी. मग हरवलं ते नेमकं काय? समुद्र मागे हटला का? डोंगर कुणी हिरवे केले? आणि ही कार्डं साधारण कोणत्या सालची धरावीत?

वाडीवाला, आंजर्ले

काका, समुद्र आहे तिथेच आहे. तो सुरूच्या मागे गेलाय.

सुरू आमच्याकडे पूर्वापार नाही. पर्यटकांना वाटतं शिवाजी महाराजांच्या वेळेपासून आहे, आम्हीही तसं वाटू देतो. आमचे आजोबा सांगायचे की वाडीच्या मागे केवड्याची जाळी, मध्ये उंडीचं एखादं झाड, आणि पुढे वाळूवर मर्यादवेल. मर्यादवेल जिथे संपते तिथवर उधाणाचं पाणी पोचतं, हा आमचा हिशेब. सुरू नंतर लावला, वारा अडावा आणि वाळू वाडीत येऊ नये म्हणून. लावला ते बरंच केलं. पण कासववाल्यांना विचाराल तर ते वेगळं सांगतील. वेळासला 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांचं काम सुरू झालं, मग आमच्याकडेही आलं. कासविणीला अंडी घालायला मोकळी वाळू लागते, झाडांची मुळं नाही.

आता तुमच्या तिसऱ्या कार्डाचं. 3 जून 2020 ला निसर्ग आलं. आमच्या वाडीतल्या पोफळी मध्येच मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले, घराची कौलं शेजारच्या विहिरीत सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पडवीत आलो तर समोर समुद्र! जन्मात त्या पडवीतून समुद्र पाहिला नव्हता. आई म्हणाली, तिच्या सासूबाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा इथून पाणी दिसायचं. म्हणजे तुमच्या कार्डातलं दृश्य वादळाने आम्हाला थोडे दिवस परत दाखवलं. आम्हाला ते नको होतं, हा भाग वेगळा.

नुकसान तेवढ्यावर थांबलं नाही. पोफळीला सावली लागते. वरचे नारळ गेले तसं दुपारनंतरचं ऊन वाचलेल्या पोफळींच्या खोडांवर थेट पडायला लागलं. खोड एका बाजूने आधी पिवळं पडतं, मग भाजल्यासारखं होतं, मग तिथेच चीर जाते आणि पुढच्या वाऱ्यात झाड तिथूनच मोडतं. आम्ही पश्चिमेच्या अंगाला चुना फासला, झावळ्या गुंडाळल्या, काही वाचल्या. नवे बाणवली नारळ लावलेत, पण त्यांना फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तेव्हा प्रदर्शनात आजचा फोटो लावाल तर सालही घाला. 2019 चा, 2020 चा आणि आजचा, तिन्ही निराळे आहेत.

टपालछंदी, ग्वाल्हेर

तिकिटांच्या नादाला लागलेला माणूस आहे, कोकणातलं मला फारसं कळत नाही. कार्डांपुरतं बोलतो.

पहिल्या कार्डाच्या मागच्या बाजूला मधोमध उभी रेघ आहे का पाहा. एका बाजूला मजकूर, एका बाजूला पत्ता अशी सोय इंग्लंडातच 1902 मध्ये झाली. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायचा आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबायचा. तेव्हा रेघ असेल तर कार्ड 1902 नंतरचं.

रंगांवर मात्र मुळीच भिस्त ठेवू नका. त्या काळातली पुष्कळ रंगीत कार्डं जर्मनीत छापून येत. मूळ फोटो काळा-पांढरा असायचा आणि रंग तिकडचा कारागीर आपल्या मनाने भरायचा. त्या माणसाने कोकण पाहिलेलं नसे. तुमचं सरबती आभाळ त्यातलंच असणार, आणि किनाऱ्यावर हिरवळ दाखवली असेल तर तीही.

‘सेव्हर्नड्रूग’ का, तर किल्ला 1755 मध्ये कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून घेतला आणि त्याचा विलायतेत मोठा गवगवा झाला. त्याच्या बायकोने 1784 मध्ये लंडनजवळच्या टेकडीवर त्या विजयाची आठवण म्हणून याच नावाचा बुरूज बांधला, तो अजून उभा आहे. साहेबाला माहीत असलेलं नाव घातलं की कार्ड खपत असे. आंजर्ले कुणाला माहीत नव्हतं, म्हणून त्याचं छापील कार्ड निघालं नाही, फोटोवालं निघालं.

फोटोच्या कार्डावर मागे, तिकीट लावायच्या चौकटीत, कागद करणाऱ्या कंपनीची खूण असते. ती भिंगाखाली पाहा, काळ ठरवायला उपयोगी पडते. तिसऱ्याचं सोपं आहे. आपल्याकडे पोस्टकार्ड 1879 मध्ये पाव आण्याला सुरू झालं, आणि 1922 मध्ये दर अर्धा आणा झाला. पंचम जॉर्ज 1936 च्या जानेवारीत वारले. साधारण या मधल्या वर्षांतलं तुमचं कार्ड. तिकीट पाण्यात भिजवून काढू नका, शाई जाईल!

सिंहगडरोड, पुणे

कशाला उगाच उगाळताय? कोकण संपलं. जिकडेतिकडे खोल्या, पाट्या, वाळूत गाड्या फिरवणारी पोरं. ‘हरवलेलं कोकण’ हेच शीर्षक योग्य आहे, बदलू नका.

वाडीवाला, आंजर्ले

वाळूत गाड्या फिरवणारी पोरं आमच्या गावची नसतात, एवढंच सांगतो. बाकी मीही खोल्या देतो. वादळानंतर दोन हंगाम सुपारीचं उत्पन्न जवळजवळ शून्य होतं. खोल्यांचं भाडं आलं म्हणून नवी रोपं लागली, नाहीतर वाडी विकून मीही तुमच्या शेजारी फ्लॅट घेतला असता.

बंदरावरचा, रत्नागिरी

कंपासपेटी, समुद्र मागे हटला की पुढे आला हे एका फोटोवरून कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कार्डातला किनारा रुंद दिसतोय, पण फोटो कोणत्या वेळचा? उधाणाच्या दिवशी आपल्या बाजूला भरती-ओहोटीत दोन-तीन मीटरचा फरक पडतो. तुम्ही आराखडेवाले, तुम्हीच मांडा: वाळूचा उतार पन्नासास एक असेल तर अडीच मीटरला सव्वाशे मीटर वाळू उघडी पडते. त्याच दिवशी सहा तासांनी फोटो काढला असता तर समुद्र वाडीला टेकलेला दिसला असता. शिवाय पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि थंडीत ती हळूहळू परत येते. सप्टेंबरचा किनारा आणि फेब्रुवारीचा किनारा यांची तुलना करू नये.

करायचं असेल तर असं करा. हलणारी रेघ सोडा, न हलणाऱ्या खुणा धरा. दुसऱ्या कार्डात सुवर्णदुर्गाची तटबंदी दिसत असेल तर तिचा कोपरा आणि मधल्या घराचा आढा (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) एका रेषेत कुठून येतो ते शोधा. अशा दोन जोड्या जुळल्या की फोटोवाला कुठे उभा होता ते हातभर अंतराच्या आत कळतं. तिथूनच नवा फोटो काढा, भरतीचं कोष्टक पाहून, ओहोटीला. मग वाडीचा मागचा गडगा आणि झाडोऱ्याची कड यांची तुलना करा. पाण्याची नको.

गणपतीच्या देवळाबद्दल गावात सांगतात ते ऐकलं असेलच: देऊळ आधी खाली समुद्राजवळ होतं, पाणी आत आलं म्हणून कड्यावर नेलं. या किनाऱ्यावरची माणसं पूर्वीपासून समुद्राचं पाहून मागेपुढे सरकत आली आहेत.

कातळफूल, दापोली

डोंगराचं मी सांगते. कृषी विद्यापीठात शिकले, आता घरची कलमं बघते.

जुन्या फोटोतला डोंगर बोडका का, तर तो रोज वापरला जात होता. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा म्हणजे कवळ तोडायचा. ऐन-किंजळीच्या फांद्या उतरवून, वाळवून, शेण-पाल्यासकट शेतात जाळायच्या. दर वर्षी. वर घरोघर चूल, गुरांची चराई, आणि मुंबईला गलबतांतून जाणारं सरपण. झाड वाढायला उसंतच नव्हती. नंतर माणसं मुंबईला गेली, गुरं कमी झाली, गॅस आला. डोंगर आपोआप झुडपाळला.

उरलेली हिरवाई लावलेली आहे. 1990 मध्ये राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली, खड्ड्यापासून रोपापर्यंत अनुदान मिळायला लागलं, आणि कातळावरसुद्धा हापूस आणि काजू चढला. जांभ्यात सुरुंग लावून खड्डे घेतले, माती खालून डोक्यावरून आणून भरली. माझ्या सासऱ्यांच्या हाताला त्या पहारीचे घट्टे अजून आहेत. तेव्हा बडोद्यात कुणी फोटो बघून ‘वा, काय निसर्ग’ म्हणालं तर त्यांना सांगा, यातलं निम्मं हजेरीपटावर लागलेलं आहे. एकाच जातीची कलमं म्हणजे रान नव्हे, हेही खरंच. पक्षी मोजणाऱ्यांचं म्हणणं वेगळं पडेल.

सुरूही बाहेरचाच. झाड ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचं, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर 1868 मध्ये कारवारला लावलं, तिथून पसरलं.

आणि एक विचारायचं होतं. दुसऱ्या कार्डात खाडीच्या आतल्या बाजूला काय दिसतं? चौकोनी बांध दिसतात की तिवरं, म्हणजे खारफुटी?

कंपासपेटी, वडोदरा

सगळ्यांचे आभार. सिंहगडरोड यांचेही, कारण त्यांच्यामुळे वाडीवाल्यांचा हिशेब कळला.

आधी कार्डं. पहिल्याला मधली रेघ आहे. आभाळाच्या रंगावर मी लिहिलेल्या ओळी खोडल्या. तिसऱ्याच्या सालाची चौकट पाहून घरात आनंद झाला, कारण कडेवरचं मूल म्हणजे आमच्या आत्या असाव्यात अशी शंका होती, ती आता जुळते.

कातळफूल ताई, तुमचा प्रश्न वाचून भिंग घेऊन बसलो. खाडीच्या आतल्या अंगाला बांध आहेत. आडवे-उभे, चौकोनी, मध्ये काहीतरी पाणी चमकतंय. आणि बांधाला एका जागी लाकडी दारासारखं काही आहे.

तेवढ्यात मोडीही सुटली. इथे रावपुऱ्यात मोडी वाचणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत, त्यांनी तिसऱ्या कार्डाच्या दोन ओळी ओट्यावर बसल्या बसल्या वाचल्या. अशा: ‘खाजणाचा बांध नारळी पौर्णिमेच्या उधाणात गेला. बोट सुरू होताच माणसे लावावयाची, तरी पैसे पाठवावे.’ नमस्कार-आशीर्वाद काही नाही. फोटो पाठवलाय तो बहुधा पैसे लवकर यावेत म्हणून!

बोटीचं आमच्या घरी ऐकलेलं आहे. बडोद्याहून आगगाडीने मुंबई, मुंबईहून बोटीने हर्णै, बोट खोल पाण्यात थांबायची म्हणून पडावात उतरायचं, पुढे आंजर्ल्याची तर. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे बडोद्याचा पैसा आणि माणूस दोन्ही अडकलेले. पण बांधासाठी पैसे इथून जात हे मला नवीन होतं.

कातळफूल, दापोली

ते लाकडी दार म्हणजे उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. खाजण म्हणजे खाडीकडून हिसकावून घेतलेलं भातशेत. पावसाने माती धुऊन निघाली की खार सोसणारं भात लावायचं. बांध दर वर्षी मातीने, दगडाने, गवताने डागायला लागायचा, आणि तो सगळ्यांचा मिळून एक. एकाने हयगय केली की सगळ्यांचं बुडतं. कुर्ल्या भोकं पाडतात, तिथून सुरुवात होते. खारजमिनींसाठी 1948 मध्ये कायदा झाला, पुढे सरकारी बांधही झाले, पण रोजचं राखणं गावानेच करायचं. डागायला माणसं उरली नाहीत तिथे भरती आत शिरली, आणि भरतीबरोबर तिवराचं बी. आज तुम्ही पुलावरून खाडीत बघाल तर दाट तिवरं दिसतील. त्यातली बरीच जागा एके काळचं शेत आहे, सातबाऱ्यावर अजूनही कुणाचं नाव असेल.

आता ती तोडून पुन्हा भात लावू म्हणाल तर जमणार नाही. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला बंदी घातली. माझ्या मते चांगलंच झालं, माशांची पिल्लं तिथे वाढतात, लाटेचा जोर तिथे मोडतो. पण ज्याचं शेत गेलं त्याला विचारलंत तर तो वेगळं बोलेल, आणि त्याचंही चूक नाही.

वाडीवाला, आंजर्ले

आमच्या खाजणाचं शेवटचं भात मी लहानपणी खाल्लंय. जाड, तांबडं, पेज छान व्हायची. ताई म्हणतात तसंच झालं. बांधाला जायची पाळी असायची, चार घरं मुंबईला गेली, पाळ्या राहिल्या. एका उधाणात उघाडी गेली ती कुणी बसवली नाही.

तर पण गेली बरं का काका. पूल झाल्यावर. आता हर्णैहून गाडी सरळ दारात येते.

कंपासपेटी, वडोदरा

काल मंडळाच्या बैठकीत वाद घालून आलो. शीर्षक बदललं नाही, तरुण मंडळींनी फलक आधीच छापायला टाकलाय. पण ओळी माझ्या राहतील हे कबूल करून घेतलं. ‘काल-आज’ची जोडीही मोडली. दुसऱ्या कार्डाच्या शेजारी एकच आजचा फोटो न लावता मी त्याचा आराखडा काढून लावणार आहे, पारदर्शक कागदावर. कोणता पट्टा कुणी कशासाठी केला ते बाण काढून लिहायचं: इथे राबासाठी तोडलेला डोंगर, इथे रोजगार हमीची कलमं, इथे वाळू अडवायला लावलेला सुरू, इथे खाजण. खाजणाखाली कार्डाच्या त्या दोन ओळी जशाच्या तशा, मोडीत आणि खाली देवनागरीत. बडोद्याच्या लोकांना आपला पगार कुठे कुठे मातीत गेला ते तरी कळेल. आमच्या घरातून पैसे कधी थांबले ते पेटीतल्या पावत्यांवरून कळेल असं वाटतंय. मनिऑर्डरीच्या पावत्या एका दोऱ्यात ओवलेल्या आहेत, आज रात्री लावायला बसतो.

बंदरावरचे, तुमच्या पद्धतीने जोड्या शोधल्या. सुवर्णदुर्गाच्या तटाचा उत्तरेकडचा कोपरा आणि खालच्या एका घराचा आढा ही एक. दुसरीसाठी जागेवरच यावं लागेल, घर बदललं असेल तर देऊळ धरावं लागेल. फेब्रुवारीत येतो, ओहोटी सकाळी असेल असा दिवस सुचवा.

वाडीवाले, त्या दिवसांत दोन माणसांसाठी खोली ठेवा. खेडला उतरून दापोलीच्या एसटीने येऊ. खोली मागच्या पडवीजवळची असेल तर उत्तम, आणि भाडं आधी सांगा. नातेवाईक म्हणून कमी घेऊ नका.

वाडीवाला, आंजर्ले

ठेवली. भाडं फोनवर. येताना बडोद्याचा लीलो चिवडा आणा, आई विचारतेय.